हात न टेकता

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

मी वेळेवर जेवते आणि स्वेटर घालते, हे आधी आईला मोठ्याने वाचून दाखवा.

इथे आम्ही वास्तुकलेचे विद्यार्थी अभ्यासासाठी तीन धर्मांची तीन जुनी प्रार्थनास्थळं मोजतोय. तिन्हींच्या भिंतीला बाहेरून दगडी कट्टा आहे. वहीत 'शोभेसाठी' असं लिहून मी मोकळी झाले. त्यातल्या एका ठिकाणी झाडलोट करणाऱ्या मावशी हसल्या आणि त्यांनी मला हाताला धरून कट्ट्यावर बसवलं. म्हणाल्या, "ज्यांना आत उभं राहवत नाही, त्यांच्यासाठी आहे हा."

मग उंची मोजली. तिन्हीकडे दीड फूट, बोटभर इकडेतिकडे!

गवंड्याची लेक असून चुकले, बाबा. आपल्या देवळाचा कट्टा बांधताना तुम्ही टेप बाजूला ठेवून थोरल्या आत्याला बसवून बघितलं होतंत. "म्हातारं माणूस हात न टेकता उठलं पाहिजे," म्हणालात आणि वरचा थर दोनदा काढलात. मला तेव्हा मैत्रिणींसमोर लाज वाटली होती. या लोकांचे देव वेगळे, भाषा वेगळी. पण त्यांच्या गवंड्यांनाही अशीच कुणी आत्या असणार.

दादा म्हणतो, तुमचा गुडघा आता बरा आहे. त्याचं मी ऐकणार नाही. उद्या आपल्या देवळाच्या कट्ट्यावर बसा आणि हात न टेकता उठता येतं का, ते मला खरं कळवा.

वहीतली चूक खोडून बसलेली,
तुमची धाकटी