गालांवरची माती

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, पुतळा झाला का, आणि मी होतंय होतंय म्हणून विषय बदलला. आई शेजारीच बसली होती. खरं सांगायचं तर होत नाहीये. वर्गातल्या सगळ्यांची डोकी प्लास्टरमध्ये ओतून झाली, कुणी घासतंय, कुणी रंग देतंय, आणि मी अजून मातीवर पाणी शिंपडून ओली फडकी गुंडाळत बसलेय. शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला ओळखीचं माणूस समोर बसवून त्याचं डोकं खऱ्या मापात करायचं असतं. मी आईला धरून नेलं. धरून कसलं, बाई एका पायावर तयार होत्या.

तू तिला तिथे बघायला हवं होतंस. खिडकीपाशी उंच स्टुलावर बसते, आणि हलू नकोस म्हटलं की नेमकी तिच्या नाकाला खाज सुटते. पहिल्या दिवशी मी मातीचा गोळा उभा केला तर म्हणाली, हा बटाटा कोण. वर्गातल्या अर्ध्या पोरापोरींची लग्नं तिने मनातल्या मनात जुळवून टाकलीत, आणि घरी येताना मला बसमध्ये कोण कुणाला शोभेल ते सांगते.

आमच्याकडे कामाची रीत ठरलेली: आधी माप, मग नजर. कॅलिपर नावाचा मोठा लोखंडी चिमटा असतो. त्याची टोकं चेहऱ्याला टेकवायची आणि तेवढंच अंतर मातीवर भरतंय का बघायचं. कमी भरलं तर माती लावायची, जास्त भरलं तर खरवडायची. माझं दर खेपेला जास्तच भरायचं. गाल अगदी बरोबर करून घरी जावं, तर पुढच्या बैठकीला पुन्हा माती जास्त. सरांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली, की इतकी वर्षं इथे काढून साधं माप घेता येत नाही. मला स्वतःचा इतका राग यायचा की रडू फुटायचं. वर आईच माझी समजूत घालायची, की हाताला वळण लागायला वेळ लागतो गं.

मग एके दिवशी सरांनी कॅलिपर स्वतःच्या हातात घेतला. कपाळ, गालाची हाडं, नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या टोकापर्यंत, जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं ती सगळी मापं मातीशी तंतोतंत जुळली. मग त्यांनी गालाचा खालचा भाग घेतला, मान घेतली. तिथलं एकही जुळेना. त्यांनी कॅलिपर टेबलावर ठेवला, आईला म्हणाले, दमला असाल, आज पुरे करू. मला दाराबाहेर बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, आईची तब्येत बरी आहे ना. ताई, मी तिच्या चेहऱ्याकडे नुसती बघत नव्हते, मापत होते. आणि मला वाटत होतं चूक माझ्या मातीत आहे.

घरी विचारलं तर आधी म्हणाली, वजन उतरवतेय, तुमच्याने तर काही होत नाही. मी हटले नाही. मग भांडी विसळता विसळता, पाठमोरीच, बोलली. स्वादुपिंडात गाठ आहे, ऑपरेशन करण्याच्या पलीकडे गेलीय. स्टुलावर बसायला हो म्हणाली तेव्हाच तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी एकटी डॉक्टरांना भेटले. वाटलं होतं, ती वाढवून सांगत असेल. तिने उलट कमी करून सांगितलं होतं. दुखणं कमी व्हावं म्हणून गोळ्या आहेत, बाकी काही करता येण्यासारखं नाही म्हणाले. मी तरी अजून दोन ठिकाणी कागद दाखवले. तिथेही तेच.

सर म्हणतात, आता थांब आणि साचा घे. साचा घेतला की आतली माती उकरून काढावी लागते, ते डोकं राहत नाही. पुढे जे प्लास्टर निघतं त्यात मग बदल नाही. मी कुठला चेहरा ठेवू, सांग ना. काल सगळे गेल्यावर मी गालांवर माती परत चढवून बघितली. फार मागची नको, निदान गेल्या वर्षीची आई तरी. जमली नाही गं. कुणीतरी भलतीच बाई दिसायला लागली. मग तिलाही खरवडून टाकलं आणि तिथेच बसून राहिले.

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातलीय. तुझी नोकरी नवी, रजा मिळायची नाही, पोरीच्या जिवाला उगाच घोर, सुट्टीत येणारच आहे की ती, असं म्हणते. मी डॉक्टरांना सुट्टीचं विचारलं, तर ते म्हणाले, बहिणीला आधी बोलावून घ्या. आणि तिच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला नाही. तुला चेहरा दिसू नये म्हणून ती तसं सांगते. आवाज तेवढा तिला अजून नीट काढता येतो. मी शपथ मोडलीय. मला एकटीला हे झेपत नाहीये, ताई. रजा मिळो न मिळो, तू निघ. तू येणार म्हटल्यावर ती मला दाराकडे फिरकू देणार नाही, दार तीच उघडेल. तिच्याकडे बघताना तेवढं तुझ्या चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस.

तुझीच,
बारकी