वखारीच्या आगीचा निकाल

धुळे,
ता. ८ मार्च १९४४

ती. अक्कास,

सुंदरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे ऊन आत्ताच तापू लागलंय. माझी भाजलेली बोटं बरी होत आली, पण लिहिताना ओढ बसते.

खटल्याचं विचारलंस. भिकूला तुरुंग झाला नाही. तुझ्या रतिलालला ते फार लागलंय. घरची बारा वर्षांची मोलकरीण भरदुपारी माझी रुईची वखार पेटवते आणि तिला शिक्षा नाही, म्हणतो. पूर्वी मोठ्या बायांच्या बराकीत टाकली असती. आता मुलांचं कोर्ट वेगळं झालंय. पोलीससुद्धा साध्या कपड्यांत. एक वयस्कर मॅजिस्ट्रेट आणि एक डॉक्टरीणबाई. तू हे का केलंस, एवढंच त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"माले मायकडे जानं व्हतं," भिकू म्हणाली. "वखार जळनी ते माले घर धाडतीन, आसं वाटनं."

तिची माय पिंपळनेरला. वर्षभर भेट नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात पाहिले. उजव्या तळहातावर खपली होती. पोर बोलेना, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुम्ही त्याच घरात राहता ना? हे कशानं झालं?"

अक्का, हे पत्र कितीदा घेतलं नि ठेवून दिलं. रतिलाल समोरच बसला होता. आमचे हे गेल्यापासून मी त्याच्याच घरी जेवत होते. तरी सांगितलं. दूध उतू गेलं म्हणून त्यानं तापलेला चिमटा तिच्या हातावर दाबला. मी तो ओढायला गेले, तेव्हा माझी बोटं भाजली. तुला आगीत भाजली असं कळवलं होतं, ते खोटं.

भिकूला मुलींच्या आश्रमात ठेवलंय. हातावर औषधपाणी, शिवणकाम, लिहिणं-वाचणं. मायला भेटता येईल. चांगलंच झालं म्हणायचं. पण तिला वाटलं होतं घरी धाडतील. निघताना माझा पदर सोडेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

संध्याकाळी रतिलालनं माझी वळकटी ओसरीवर आणून ठेवली. मी आता शाळेत शिकवणाऱ्या बेबाबाईंकडे मागच्या खोलीत आहे. त्यांचा स्वयंपाक करते.

तो तुझा मुलगा आहे. रागावलीस तर रागाचंच पत्र लिही, पण लिही. मी फार थकले आहे गं.

तू पाठ फिरवलीस तरी तुझीच,
सुंदर