डोरोला फुगवण्याचा बेत

४ ऑक्टोबर
डोरोला सोडणार नाही. गेल्या वर्षी अख्ख्या बरांगायने, म्हणजे आमच्या वस्तीने, बास्केटबॉलची फायनल मी भाड्याने देतो त्या पडद्यावर पाहिली आणि हा शेजारी ओरडला, "सांतोदादा, चेंडू आहे की अंडं?" तेव्हापासून मी 'अंडेवाला'. चेंडू मुळातच तसा होता. यंदा बरांगायच्या कप्तानकीच्या निवडणुकीला मी उभा आहे. तोही आहेच.

९ ऑक्टोबर
देव आहे! डोरोच्या लग्नाला पंचवीस वर्षं. लग्नाची जुनी कॅसेट माझ्याच पडद्यावर लावायची आहे. जुनं चित्र चौकोनी, पडदा लांबट. बाजूंना काळ्या पट्ट्या सोडायच्या की चित्र ताणायचं, हे कॅसेटचं यंत्र आणि पडदा यांच्या मधला स्केलरचा डबा ठरवतो. ताणायचं! डोरोचा भोपळा होणार. लुमिंग म्हणाली, "अहो, निदान लग्नाच्या वाढदिवसाला तरी नको." बायकोला राजकारण कळत नाही.

१२ ऑक्टोबर
डबा तपासला. कमी पडलेले ठिपके तो शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. आमची गल्लीही तेच करते. उलट रुंद चित्र दाबलं की माणूस उंच, सडपातळ! माझ्या शुभेच्छांचा व्हिडिओ असाच दाबून लावणार. शिवाय रोज पळायचं ठरवलंय. आज पाय दुखतोय.

१९ ऑक्टोबर, सकाळ
काल डोरो पडद्यावर गोल गरगरीत आला. हसलं कुणी नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या, "बघा, गडी तेव्हापासूनच खात्यापित्या घरचा!" त्याची सासू तर रडली. लग्नाच्या वर्षी वादळात भात गेला होता, तिची पोरगी काडी झाली होती. काल कशी भरलेली दिसली. डोरोने मला सर्वांसमोर मिठी मारली. मूर्ख.
मग माझा व्हिडिओ. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मध्ये मी. सगळे एकदम गप्प. छाप पडली!

२२ ऑक्टोबर
बायका येऊन लुमिंगशी हळू आवाजात बोलतात. एकीने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? चर्चमध्ये पाद्रींनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. फुकटचा प्रचार. जिंकलोच.

३१ ऑक्टोबर
सपशेल पडलो. मतदार म्हणे, "आधी बरे होऊ देत. आजारी माणसाला दगदग कशाला?"
संध्याकाळी नवे कप्तान डोरो आले, शेवग्याचा पाला घातलेलं कोंबडीचं सूप घेऊन. "दादा, तब्येत सांभाळा. कप्तानकी कुठे पळून जाते?" मी ठणठणीत आहे, चित्र मीच दाबलं, हे सांगावं तर त्याचं का ताणलं तेही सांगावं लागणार. पांघरूण घेऊन प्यायलो. सूप चांगलं होतं.
लुमिंग म्हणते, भांडं तुम्हीच परत द्या. हळूहळू चालत. मधूनमधून खोकत.