तलवारीचा मान आणि आमची सेडान

१७ ऑगस्ट, रविवार
निश्चय: दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत आपल्या सेडानची स्पोर्ट्‌स कार करायची. गाडी पांढरी, जुनी, चेहरा बँक मॅनेजरचा. हे चालायचं नाही. पणजोबा इथल्या कानडी संस्थानात, महाराजांच्या घोडदळात होते. त्यांची तलवार पूजेला घरच्या वाहनापुढे ठेवायची, असा आमचा नेम. वर्षभर ज्याने घर वाहिलं ते वाहन. कुठलं, ते घरातल्या वडील बाईने ठरवायचं, म्हणजे आईने. घोड्यानंतर सायकल, मग बाबांची लुना, आता सेडान. तलवारीला शोभेल असं वाहन घराण्याला मीच देणार. ऑफिसला आत्ताच आमंत्रण देऊन ठेवलं. वनजाला मात्र काही सांगितलेलं नाही. बायको झाली तरी भिंतीला कान असतात.

२४ ऑगस्ट, रविवार
मेकॅनिक शरतने स्प्रिंगा कापून गाडी खाली आणली. पुढे बंपरखाली स्कर्ट, मागे पंख. शेजारचे तिरुमलराव, निवृत्त मास्तर, कंपाउंडपाशी वाकून गाडीच्या पोटाखाली बघत होते. विचारतात, रस्त्यातल्या हंपचं, म्हणजे स्पीडब्रेकरचं, काय करणार? शुद्ध मत्सर. या वयात माणूस इतका उगाच वाकत नाही. डिझाइन चोरणार.

२ सप्टेंबर, मंगळवार
खोलगट बकेट सीट बसवल्या. आईला कौतुकाने आत बसवलं. बसली. उठता येईना. मी आणि वनजाने दोन्ही हात धरून ओढून काढली. नंतर बराच वेळ गुडघा चोळत बसली होती. भारावली असणार.
रात्री वनजा आईच्या कानाशी लागली होती. मी गेल्यावर विषय बदलला. लक्ष ठेवायला हवं.

९ सप्टेंबर, मंगळवार
दुपारी घरी फोन केला, उचलला नाही. तिरुमलरावांना केला. म्हणाले, सासू-सून स्कूटरवरून चामराजपुरम भागात गेल्या, शुक्रवारीही गेल्या होत्या. घरात स्पोर्ट्‌स कार असताना आई स्कूटरवर मागे! आणि हे सांगताना मास्तर हसत होते. हेही सामील.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पुन्हा गेल्या होत्या. घरभर तेलाचा वास. विचारलं तर म्हणे देवळात गेलो होतो. देवळात दिव्यात तेल घालतात, साडीला लावत नाहीत. इंजिन ऑइलच. म्हणजे दुसऱ्या गॅरेजवाल्याशी संधान. दोघींचा बेत: गाडी परत होती तशी करायची, नाहीतर विकायची. आजपासून चावी उशीखाली.

१४ सप्टेंबर, रविवार
नवा एक्झॉस्ट. आवाज असा की गल्लीतली कुत्री घरात शिरली. वेग जरा कमी झाल्यासारखा वाटतो, पण आवाजावरून ते कळत नाही. नंजनगूड रोडवर ट्रायल. पहिल्याच हंपवर गाडी पोटावर बसली. लोकांनी उचलून पलीकडे ठेवली. स्कर्ट हंपवरच राहिला. शरत म्हणतो, चूक हंपची आहे. अभ्यासू मुलगा. उचलणाऱ्यांतला एक जण फार हसत होता. त्याला कुणी पाठवलं?

२३ सप्टेंबर, मंगळवार
रजा टाकून दोघींचा पाठलाग केला. अगदी गुपचूप. पण एक्झॉस्टमुळे दोघींनी वळून पाहिलं आणि वनजाने हात हलवला. चामराजपुरमच्या तोंडाशी हंप. त्या पलीकडे, मी अलीकडे. डोळ्यांदेखत एका गल्लीत शिरल्या. हरकत नाही. पूजेला सगळा हिशोब चुकता होईल. आई शेवटी घोडेस्वाराच्या घरातली सून आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा
पहाटे गाडी धुऊन झेंडूच्या माळा घातल्या. झाडून सगळं ऑफिस आलं. आई तलवार घेऊन बाहेर आली, गाडीपाशी क्षणभर थांबली, पुढे गेली आणि वनजाच्या स्कूटरपुढे पाट मांडून त्यावर तलवार ठेवली.
मला वाटलं, उन्हामुळे तिला नीट दिसलं नाही. हलक्या आवाजात चूक दाखवायला गेलो. तेव्हा वनजाने सांगितलं. त्या दिवशी गाडीतून ओढून काढल्यापासून आईचा गुडघा धरला होता. चामराजपुरमला वैद्यांकडे तेल लावून घ्यायला जात होत्या. मला का नाही सांगितलं, असं मी आईला विचारलं.
"सांगितलं असतं तर गाडीतनं नेलं असतंस ना, संतू," आई म्हणाली. "गाडी चेन्नागी आहे की. छान आहे. आदरे... पण मला तिची भीती वाटते रे."
फार वाईट वाटलं. ऑफिसातलं कुणी हसलंसुद्धा नाही, त्याने आणखी वाईट वाटलं.
आरती झाल्यावर दोघी नातेवाइकांकडे प्रसाद द्यायला निघाल्या. वनजाने मला स्कूटर धरायला सांगितली. मी धरली. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सहज चढून बसली. गुडघा बराच सुधारला आहे, हे मला आज कळलं.