आण्णांच्या गाडीचा खाली बसलेला काटा

मंगळवार, संध्याकाळ

आण्णांच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीनं डोकं पार पिकवलंय. सकाळी दहा वेळा स्टार्टर मारावा लागतो, मग काळा धूर. प्लग काढले तर चुलीवरच्या भांड्यासारखे काळे. पेट्रोल जास्त जातंय हे दिसतंय, पण का? इंजेक्टर धुतले, पंप तपासला. सगळं ठीक.

आज आण्णा स्वतः जयसिंगपूरहून आलते. म्हणाले, "मिस्त्री, तीस वर्सं गाडीला तुमच्याबिगर दुसऱ्याचा हात लावू दिला न्हाय. पर तुमच्यानं हुईना तर विकतो की."

आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

त्यांना स्टँडवर सोडून गाडी बावड्यापर्यंत फिरवली. अर्धा तास झाला तरी इंजिनाच्या उष्णतेचा काटा खालीच. काटाच बिघडला म्हणावं, तर रेडिएटरचा पाइपही कोमट. म्हणजे काटा खरा. इंजिन तापतच नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल ओततोय?

मग आठवलं. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारं झाकण म्हणजे थर्मोस्टॅट; आपल्या उन्हात तो कशाला, म्हणून येईल त्या गाडीचा मी काढून टाकतो. हिचाही उन्हाळ्यात मीच काढला. पण मग त्रास थंडी पडल्यावरच का? का थंडीमुळंच? आणि एवढ्याशा झाकणानं एवढं होतं?

उद्या नवा बसवून बघायचा. तरी राहवेना, आण्णांना फोन लावला. "विकू नका. खोड गाडीची न्हाय, बहुतेक माझीच हाय."

आण्णा म्हणाले, "मग काय, गाडीच्या जागी तुमास्नीच विकू?"

हसत होते का चिडले होते, अजून कळेना.