चार नंबरचं इंजिन

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून आगगाडीचं काम मी बघणार. वरच्या खोलीतलं ह्यांचं रुळांचं टेबल दहा महिने चादरीखाली आहे. सुनेला, हर्षालीला, तिथे शिकवणी घ्यायची आहे. अमोल म्हणाला, आई, रविवारपर्यंत चारही गाड्या चालवून दाखव, टेबल राहील. नाहीतर स्क्रू खोलून माळ्यावर. मी म्हटलं, रविवार कशाला, गुरुवारीच ये. हर्षाली हसली. हसू दे.

४ नोव्हेंबर
काम सोपं आहे. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाची चिप असते. तिच्यात कॉम्प्युटरवरून नंबर भरायचा. मग इंजिन त्या नंबरचीच हाक ऐकतं. एक, दोन, पाच ह्यांनी भरून ठेवलेत. चौथं, लाल इंजिन, हे गेल्यावर पंधरा दिवसांनी कुरिअरने आलं. खोका मी परवा उघडला. त्याला चार नंबर द्यायचा. बस्स. तासाभराचं काम. मेथी निवडून झाली की बसते.

५ नोव्हेंबर, सकाळी ११
काल मेथी फार होती.
आज डिक्शनरी घेऊन ह्यांच्या माहितीपुस्तकाची चौदा पानं वाचली. नंबर भरताना बाजूच्या छोट्या रुळावर एकच इंजिन ठेवा म्हणे. ठेवलं. कॉम्प्युटर म्हणतो, इंजिन सापडत नाही. समोर उभं आहे!
दुपारी ४. अजून सापडत नाही. कॉम्प्युटर जुना झालाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
अमोल जिन्यातूनच ओरडला, गाडी सुटली का? मी सांगितलं, गुरुवारचा उपास आहे, उपाशीपोटी विजेला हात लावू नये.

७ नोव्हेंबर
दोष सापडला. ते बुजतंय. एवढ्या लांबून आलेलं, ज्यांनी मागवलं ते घरात नाहीत, आणि त्याला एकटं उभं करायचं? पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी कोणी नसावं. जुनी तिन्ही इंजिनं त्याच्या मागे सोबतीला लावली. वीस नंबरच्या पानावर आहे, काहीच जमेना तर आठव्या घरात आठ लिहा, डीकोडर कोरा होतो आणि कारखान्यातला तीन नंबर परत येतो. म्हणजे धुऊन स्वच्छ. लिहिलं. कॉम्प्युटर पहिल्यांदा 'झालं' म्हणाला. आपल्याला येतं. उगीच लोक क्लास लावतात.

८ नोव्हेंबर
मोठ्या रुळांवर ठेवून वीतभर चालवून बघितलं. चार नंबरला कोणीच हलत नाही. तीन दाबलं की चारही हलतात. ह्यांना एकेकाला हाक मारावी लागायची, माझं सगळे एकदम ऐकतात. उद्या शेजारच्या सुवर्णाबाईंनाही बोलावलंय.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७
सुवर्णाबाई खुर्ची घेऊन टेबलाला चिकटून बसल्या. चारही इंजिनं आपापल्या डब्यांना जोडली. तीन दाबलं. चारही धक्का मारून एकदम सुटली. मालगाडी पॅसेंजरवर मागून चढली. लाल इंजिन वळणावरून उडालं ते थेट सुवर्णाबाईंच्या ओटीत. त्या म्हणाल्या, अगंबाई, हे तर माझ्याकडेच उतरलं! हर्षाली पोट धरून हसली, मग तीच डबे गोळा करायला वाकली.
अमोल हसला नाही. म्हणाला, आई, बाबांची पॅसेंजर अशी सुटायची का गं? निघाली कधी ते कळायचंसुद्धा नाही. ती चाल बसवायला दोन महिने घालवले होते त्यांनी. त्याने कॉम्प्युटरवर एकेक इंजिन तपासलं. ती चाल डीकोडरमध्येच होती म्हणे. आता तिन्हींत नाही. दुसरीकडे कुठे लिहिलेली पण नाही.
सुवर्णाबाई गेल्यावर तो स्क्रू खोलायला लागला. मी टेबलाची दुसरी बाजू धरली. ठरलं म्हणजे ठरलं.
मध्येच त्याने विचारलं, सगळं पुसण्याआधी कॉम्प्युटरने तुला विचारलं नाही का काही? मी नाही म्हटलं.
विचारलं होतं. आतलं सगळं जाईल, पुढे जायचं का? इंग्रजी सोपं होतं, डिक्शनरी लागली नाही. मला वाटलं, पंगतीत अजून वाढू का म्हणतात, तसंच विचारत असेल. मी हो दाबलं.