पुडीत न बांधलेली पूड

ती. आईस, सुरतेहून हर्षदाचा वाकून नमस्कार.

आमच्या लॅबमधल्या औषधानं अण्णांच्या हातांचा कंप थांबेल का, असं तू विचारलंस. फोनवर मी विषय बदलला, कारण मला माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही. कितीतरी तपासण्या व्हायच्या आहेत.

पण औषधाचा पदार्थ तयार झाला, आई! पावसाळाभर तो काकवीसारखा चिकटच राहत होता. परवा मी त्यात उन्हाळ्यातल्या खेपेचा उरलेला एक कोरडा कण विरजणासारखा टाकला, आणि सकाळी बाटलीत पांढरेशुभ्र खडे. आमच्या लॅबचे देसाई सर म्हणाले, "जामी गयुं, बेन," म्हणजे जमलं गं, आणि सगळ्यांना लोचो, इथला वाफवलेला डाळीचा नाश्ता, खाऊ घातला. आपल्या घरातली पहिली पदवी कामाला आली.

मी वेळेवर जेवते. खोकला किरकोळ आहे. अण्णा अजून कप दोन्ही हातांनी धरतात का?

येताना चिमूटभर पुडीत बांधून आण म्हणालीस. त्यानंतर दिवसभर माझा हात त्या बाटलीपाशी घुटमळत होता. रागावू नकोस. आज मी सगळी पूड, चमच्याला चिकटलेलीसुद्धा, बाटलीत भरून सील केली आणि तपासणीला पाठवून दिली.

तुझी,
हर्षदा